जुने रंग तसेच ठेवून

आक्का,

तुझ्या दिवसांना जमलेली माणसं तुझ्याबद्दल जे बोलली, ते ऐकून तू उठून बसली असतीस. शांत होती म्हणाले. मायाळू होती म्हणाले. एकानं तर 'कधी कुणाला दुखावलं नाही' असंही म्हटलं. मी मागं सतरंजीवर बसून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, या गृहस्थांनी बाईला फळ्यापुढं कधी बघितलेलं दिसत नाही. तू दुखवायचीस. चांगलं झोंबेल असं बोलायचीस. बी.एस्सी.ला मी फळ्यावर लिहिलेली पहिली सिद्धता बघून भर वर्गात विचारलं होतंस, "म्हादू, ह्ये सिद्ध केलंयस का नुसतं गोड बोलून वळवालायस?" सगळा वर्ग हसला. मी पण हसलो, कारण खरंच वळवत होतो.

तू कुठं जन्मलीस, किती वर्षं शिकवलंस, निवृत्त कधी झालीस, ते सगळं पेपरातल्या चौकटीत आलंय, फोटोसकट. त्या फोटोत तू हसते आहेस, त्यामुळं ओळखू येत नाहीस. मला त्यातलं काही सांगायचं नाही. मला आपल्या गणितातल्या बांधणीबद्दल बोलायचंय. ती बरोबर आहे की नाही, एवढं एक कळल्याशिवाय तुला जायचं नव्हतं. ती बरोबर नाही, हे मी तुला सांगितलं, आणि त्याच आठवड्यात तू गेलीस. सांगायला नको होतं, असं तुझ्या घरात सगळ्यांचं मत आहे. अण्णा माझ्याशी बोलतो, चहा पुढं करतो, पण डोळ्याला डोळा देत नाही. तुझा थोरला भाऊ तो. त्याचा तेवढा हक्क आहे.

मला या ठिपक्या-रेघांच्या गणिताचा नाद कसा लागला, ते मी कुणाला आजवर सांगितलेलं नाही. माझी आई गेली तेव्हा तू निपाणीला आलतीस. आई जन्मभर विड्या वळत बसली, छातीचं दुखणं घेऊन गेली. घरात बायका रडत होत्या, मी कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलो होतो, आणि तू आत आलीस ती सांत्वनाचं अक्षर न बोलता माझ्यासमोर बसलीस. पर्समधून रंगीत खडू काढलेस आणि फरशीवर चार ठिपके काढलेस. प्रत्येक ठिपका बाकीच्या तिन्हींना जोडलास, सहा रेघा झाल्या, आणि समोरासमोरच्या रेघांना एकेक रंग असे तीन रंग भरलेस. म्हणालीस, "कुठल्याबी ठिपक्यापासनं तीन रेघा चाल. त्याच ठिपक्यात परत जायचं न्हाई. आनि तिन्ही रेघांचे रंग वेगळे पायजेत. हुडक वाट." मी शोधत बसलो. इकडून गेलो, तिकडून गेलो, दर वेळी तिसऱ्या रेघेला पहिल्या रेघेचाच रंग यायचा. दुपार उतरली तेव्हा मी वैतागून म्हटलं, अशी वाट नाहीच. तू खडू पर्समध्ये ठेवत म्हणालीस, "नसतीच ती. पर न्हाई म्हून कळाय दुपार गेली न्हवं? तेवडी तर गेली." मग उठून बस धरलीस. त्या दिवशी मी तुझ्यावर चिडलो होतो. आज वाटतं, त्या घरात माझ्यासाठी काहीतरी केलंस ते तू एकटीनंच.

मग मी निपाणीच्या कॉलेजात लागलो आणि दर रविवारी तुझ्याकडं यायला लागलो. खासबागेतलं तुमचं घर, पुढच्या खोलीत अण्णाचे दोन यंत्रमाग, मागच्या खोलीत तू आणि तुझी ती काळी शहाबादी फरशी. माग सुरू असले की एकमेकांशी ओरडून बोलावं लागायचं. गणितावर इतक्या मोठ्यानं बोलणारी माणसं साऱ्या बेळगावात आपण दोघंच असू. अण्णाची बायको, आपली वैनी, चहा घेऊन आली की दारातच थांबायची, फरशीवर पाय ठेवायला जागा नसायची. "कुठनं येऊ?" असं विचारायची, आणि तू तिला ठिपक्यांमधली वाट दाखवायचीस, की हितनं ये, हितं पाय ठिवू नको.

आपला प्रश्न नेमका काय होता, ते तू कडोलीच्या साहित्यसंमेलनात सांगितलंस तितकं सोपं मला कधी सांगता आलं नाही. जेवणानंतरची वेळ दिली होती तुला, मांडवातली निम्मी माणसं पेंगत होती. तू माइक हातात घेतलास आणि म्हणालीस, "रांगोळीचे ठिपके घ्या. वाटेल त्या दोन ठिपक्यांत रेघ ओढा. रेघेला रंग द्या. अट एकच, एका ठिपक्यात एका रंगाच्या दोन रेघा भिडायच्या नाहीत. आता एका ठिपक्यात दोनदा न जाता या रेघांवरून वाट धरून चाला. ज्या वाटेवर कुठलाच रंग दुसऱ्यांदा भेटत नाही, ती रंगीत वाट. आपल्याला अशी रांगोळी पाहिजे, की जी अशी रंगवता येते की तिच्यात ठरलेल्या लांबीची रंगीत वाट नाही. पण न ओढलेली कुठलीही एक रेघ ओढली, की मग कसेही रंग द्या, रंगीत वाट झालीच पाहिजे. आता सांगा, अशी रांगोळी कमीत कमी किती रेघांत होईल?" पेंगणारी माणसं जागी झाली होती. मागून एक आजोबा उठले. "बाई, म्हंजे रांगोळी भरगच्च भरायची म्हना की." तुझा चेहरा उजळला. हाच प्रश्न तुला हवा होता. "भरगच्च न्हवं! तीच तर गंमत हाय. रिकामी दिसंल, उघडी-बोडकी दिसंल, पर आनि एक रेघ सोसायची न्हाई."

आणि मग तू तो शब्द काढलास. म्हणालीस, याला इंग्रजीत सॅच्युरेटेड म्हणतात, पुस्तकी मराठीत संपृक्त, पण आपण साकू म्हणू. मांडवात चुळबुळ झाली. मराठीच्या संमेलनात कानडी शब्द. चहाच्या वेळी एकानं तुला गाठलंच. "बाई, बोर्डावर कन्नड, हाफिसात कन्नड, आता रांगोळीत पन व्हय?" तू कपातून घोट घेतलास. "मगाशी पंगतीत वाढपी भाताची बुट्टी घेऊन आला तवा तुमी काय म्हनला?" तो माणूस 'साकू' म्हणाला होता. आपण सगळेच म्हणतो. पुरे म्हणायला या भागातल्या माणसाच्या तोंडात आधी तोच शब्द येतो, मग तो सीमाप्रश्नाच्या मोर्चातून आलेला का असेना.

परतीच्या बसमध्ये मी तुझ्याशी भांडलो. म्हटलं, मराठी शब्द हवा, आणि आहे की, टेकीला आलेला. टेकीला आलेली रांगोळी. तू खिडकीबाहेर बघत होतीस, मान हलवलीस. "न्हाई रं. टेकीला आल्यालं मानूस आनि एक काम करतंय. तुजी आई टेकीला आलती, तरी आनि एक गड्डी वळायचीच का न्हाई? साकू म्हटलं की साकू. वर एक शीत न्हाई." मी ते मान्य केलं नाही. हे भांडण आपण पुढं कैक रविवार चालवलं. ते मिटलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मिटवायची मला कधी घाईच नव्हती.

बांधणी तुझी होती. मी हे सगळीकडं सांगतो, कारण लोकांना वाटतं विद्यार्थ्यानं केलं आणि बाईंनी सही केली. चार ठिपक्यांचा तो तुकडा तीन रेघांच्या वाटेला पुरतो; असे तुकडे शेजारी शेजारी मांडत गेलं की झाली रांगोळी. आपली वाट एका रेघेनं लांब होती, त्यासाठी तुकडाही वेगळा लागणार होता. तो तुला सापडला. मी आलो तेव्हा तू फरशीवर मांडी घालून बसली होतीस, हात, पदर, गाल सगळं खडूनं माखलेलं, आणि तू मला बघून नुसतं बोट दाखवलंस. तोवर माहीत होतं त्यापेक्षा कमी रेघा. आपण न ओढलेली एकेक रेघ ओढून बघितली. तू प्रत्येक वेळी तेच म्हणायचीस, "जुने रंग तसेच ठिवून, नव्या रेघंला तांबडा दे. झाली वाट? झाली. जुने रंग तसेच ठिवून, आता हिरवा दे." प्रत्येक वेळी रंगीत वाट होत होती. अण्णानं माग थांबवून विचारलं, काय झालं ओरडायला. तू म्हणालीस, "माजं काम झालं!" साठीतल्या बाईला मी त्या दिवशी पोरीसारखं हसताना बघितलं. दुसऱ्यांची गणितं शिकवण्यात जन्म गेला होता तुझा. हे पहिलंच तुझं स्वतःचं होतं.

चूक तिथंच होती. 'जुने रंग तसेच ठेवून.' अट तशी नव्हतीच. नवी रेघ ओढल्यावर सगळीच रांगोळी पुसून पुन्हा रंगवायची मुभा होती, आणि तशी कशीही रंगवली तरी रंगीत वाट झाली पाहिजे, असं मूळ म्हणणं होतं. कडोलीत तू स्वतः म्हणालीस, कसेही रंग द्या. तोंडानं आपण बरोबर सांगत होतो आणि हातानं दुसरंच करत होतो. चार ठिपक्यांच्या तुकड्यात याचा फरकच पडत नाही; तिथं जुने रंग ठेवा नाहीतर बदला, वाट होतेच. त्यामुळं फसलो. आणि मला वाटतं, तू आणखी एका कारणानं फसलीस. तू मागावरच्या घरातली. लहानपणी मागासाठी सुताच्या कांड्या भरून दिल्यास, रंगांचा हिशेब तुझ्या बोटांत होता. एकदा मागावर साडी लावली, चार वीत विणून झाली, की मागचा रंग कुणाच्या बापाला बदलता येत नाही. पुढं काय घालायचं तेवढं हातात. तू मला चिडवायचीसच, "तुमी निपाणीवाले, वळल्याली विडी मोडून परत वळता. आमच्यात तसं न्हाई रं. इनलं ते इनलं." हे तू साडीबद्दल बोलायचीस. रांगोळीतही तेच करत होतीस, हे ना तुला कळलं ना मला.

मग तुला कावीळ झाली, आणि ती कावीळ नव्हती. पोटातली गाठ हाताबाहेर गेली होती. डॉक्टर कानडीतून अण्णाला समजावत होते, तुला कळू नये म्हणून हळू आवाजात, जसं काही तुला कानडी येतच नाही. तू त्यांना कानडीतच विचारलंस, किती दिवस. त्यांनी अण्णाकडं बघितलं. घरी आणल्यावर अण्णानं दिवसाचे माग बंद ठेवले, तुला झोप लागावी म्हणून. तुला त्या शांततेत झोप लागेना. "माग चालू कर रं आण्णा, मेल्यासारकं वाटतंय," म्हणालीस, आणि वैनी तोंडाला पदर लावून आत गेली. पेजेचा चमचा पुढं केला की दोन घोटांनंतर तू हात आडवा करायचीस. साकू. मी पलंगाशेजारी बसलो होतो, आणि तो शब्द मला ऐकवत नव्हता. मग तू माझ्याकडं वळून विचारायचीस, "लिवून झालं का रं? एकदा डोळ्याखालनं घालू दे. बरोबर हाय म्हून कळलं की मी मोकळी."

मी आपला शोधनिबंध लिहीत होतो. निपाणीत, परीक्षेचे दिवस होते, वर्गावर पर्यवेक्षणाला उभा होतो आणि डोक्यात आपली सिद्धता जुळवत होतो. 'जुने रंग तसेच ठेवून' हे वाक्य आलं आणि मी थांबलो. कोणी सांगितलं तसेच ठेवायला? मी वळून फळ्यावर आपला तुकडा काढला. मागच्या बाकावरची पोरं माना वर करून बघायला लागली, त्यांना वाटलं सर उत्तर सांगतायत. मी नवी रेघ ओढली. एका तुकड्यात पिवळ्या-हिरव्या रेघांची साखळी धरली, पिवळ्याचं हिरवं केलं, हिरव्याचं पिवळं. सगळ्या वाटा तपासल्या. एकही रंगीत वाट नव्हती. नवी रेघ आत येऊन बसली होती आणि काही बिघडलं नव्हतं. एका पोरानं पुरवणी मागितली, ती मी दिली. 

पुढचे दिवस मी बांधणी सावरायला घालवले. एक ठिपका वाढवून बघितला, एक रेघ हलवून बघितली. सावरली की रेघा वाढायच्या, आणि रेघा वाढल्या की आधी माहीत असलेल्या उत्तरापेक्षा आपलं उत्तर चांगलं उरत नव्हतं. फोनवर तू विचारलंस तर मी म्हणायचो, लिहितोय. हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. तू फार विचारत नव्हतीस. तुझा आवाज रोज थोडा लहान होत होता.

त्या रविवारी अण्णानं मला पुढच्या खोलीतच थांबवलं. माग बंद होते, अर्धी विणलेली साडी मागावर तशीच होती. त्याला मी काही सांगितलं नव्हतं, पण माझ्या तोंडावरून त्यानं ओळखलं. "चुकलंय न्हवं?" मी मान हलवली. तो मागाच्या लाकडाला धरून उभा राहिला. मग म्हणाला, "म्हादू, बरोबर हाय म्हून सांग. तुजं काय जातंय रं? आता तिला कुठं तपासाय हुनार हाय?" मी म्हटलं, अण्णा, ती तपासेल. "तपासू दे. पर तू बरोबर हाय म्हन. माजी एकुलती एक भन हाय ती. तिनं काय मागितलं न्हाई जन्मात, ह्येवढं एक." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तसाच आत आलो.

तू उशीला टेकून बसली होतीस. मला बघून फरशीकडं बोट केलंस. मी खडू घेतले, खाली बसलो, आपला तुकडा काढला, तुझ्या रंगांत. नवी रेघ ओढली. तू वरून बघत होतीस. "आता?" म्हणालीस. त्या क्षणी मी एवढंच म्हटलं असतं तर पुरे होतं, जुने रंग तसेच ठेवून. तुझंच वाक्य, तुझ्याच सुरात. तू मान डोलावली असतीस आणि डोळे मिटले असतेस. अण्णा दारात उभा होता. मला हे करता आलं असतं. मी ते केलं नाही, आणि का नाही, ते सांगतो. साऱ्या आयुष्यात मला गोड बोलून वळवू न देणारं एकच माणूस होतं. तुझ्याच खोलीत बसून तुलाच वळवायचं, आणि तू ते कळूनही गप्प राहशील की काय, याची मला भीती वाटली. तू मला माफ केलं असतंस. ते मला नको होतं.

मी ओलं फडकं घेतलं आणि पिवळ्या-हिरव्या रेघा पुसल्या. तुला तिथंच कळलं. मी काही बोलायच्या आधी तुझं बोट हवेत हलायला लागलं, रेघेवरून रेघेवर. "हितला पिवळा?" म्हणालीस. हिरवा झाला, मी म्हटलं. "आनि त्यो?" तो पिवळा. तू पुन्हा सगळ्या वाटा चाललीस. बोट मध्येच खाली पडायचं, तू ते उचलायचीस. मी वाट बघत होतो की तू म्हणशील, चुकलास, परत बघ. तू बोट खाली ठेवलंस आणि म्हणालीस, "व्हय."

आपल्याकडच्या 'व्हय'चं काय करावं? होकारालाही व्हय, प्रश्नालाही व्हय, 'असं का' म्हणायलाही व्हय, आणि समोरचा बोलतोय, आपलं लक्ष नाही, तेव्हाही व्हयच. सुरावरून अर्थ लावायचा. तुझ्या त्या शब्दाला सूरच नव्हता. पटलं म्हणालीस का? ठरलं तर मग, असं म्हणालीस? की नुसतंच ऐकलं म्हणालीस? त्यानंतर तू भिंतीकडं तोंड केलंस. थोड्या वेळानं पाणी मागितलंस, ते वैनीकडं. मी उठून उभा राहिलो, आक्का येतो म्हटलं. तू वळली नाहीस. झोप लागली असेल, असं मी बसमध्ये स्वतःला सांगत राहिलो. तुझ्या पाठीवरून मला कळत होतं की तू जागी आहेस.

अण्णाचा फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. "गेली," एवढंच म्हणाला. मातीला मी आलो. खासबागेतल्या त्या गल्लीत माणसं मावत नव्हती, तुझे जुने विद्यार्थी कुठून कुठून आले होते. मागच्या खोलीत गेलो. फरशी पुसलेली होती, स्वच्छ, पाण्याचे डाग अजून सुकत होते. कुणीतरी तुला अंघोळ घातली होती तिथंच. माझ्या तोंडून हुंदका फुटला तो मला आवरता आला नाही. अण्णानं माझ्याकडं बघितलं, आणि तेव्हापासून तो डोळ्याला डोळा देत नाही.

आता मला लोक सुचवतात, तुम्ही प्रश्नच बदला. जुने रंग ठेवूनच नवी रेघ ओढायची, अशी अट घाला, मग बाईंची बांधणी बरोबर ठरते. ते खरं आहे. तसा प्रश्न विचारता येतो, आणि त्यात काही अप्रामाणिक नाही. मी तो लिहीनही, तुझं नाव पुढं आणि माझं मागं. पण उत्तर येईना म्हणून प्रश्न वाकवणाऱ्या पोरांना तू वर्गाबाहेर उभं करायचीस. तुला हे चाललं असतं का? मला वाटतं, तू आधी मला चार शब्द सुनावले असतेस आणि मग बसून ती अट नीट तपासली असतीस. पण हे मला वाटतं. तुझं मत मला माहीत नाही, आणि तुझ्या मताशिवाय या विषयात एकही वाक्य लिहायची मला सवय नाही. तू मला तेवढं परावलंबी करून ठेवलंस. त्याबद्दल तुझ्यावर रागही आहे माझा, आणि तुझे उपकारही तेच आहेत.

परवा रविवारी मी तुमच्याकडं आलो नाही. घरीच दार लावून बसलो आणि मी केलेला तो रंगबदल पहिल्यापासून तपासला. तपासला म्हणजे त्यात चूक शोधली. एखाद्या ठिपक्यात दोन पिवळ्या रेघा भिडलेल्या निघाव्यात, किंवा माझ्या नजरेतून सुटलेली एखादी रंगीत वाट सापडावी. तसं झालं असतं तर तुझी बांधणी उभी राहिली असती. मी मरणाऱ्या माणसाला खोटं सांगून दुखावलं असं झालं असतं, अण्णाचा राग खरा ठरला असता, आणि ते सगळं घेऊन मी जगलो असतो. मला चाललं असतं. मी एकेक ठिपका बघितला, एकेक वाट चालून बघितली, जिथं शंका वाटली तिथं पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळपर्यंत बसलो. चूक नाही, आक्का. मी बरोबर होतो. इतकी वर्षं तुझ्याशी भांडलो, त्यात हा एकदाच जिंकलो. मला जिंकायचं नव्हतं गं.